नोटेची प्रत आणि नोटेचे मोल

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत एका माजी विद्यार्थ्याने दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या आपल्या शाळेने मला या व्यासपीठावर बोलावले, हा मी माझा मोठा बहुमान समजतो. ज्या पटांगणात उशिरा आल्याबद्दल मी अनेकदा उन्हात उभा राहिलो, तेथेच आज खुर्चीवर बसण्याचा योग आला आहे. या शाळेतून बाहेर पडल्यावर नोकरीनिमित्त मी बेंगळुरूला गेलो आणि तेथलाच झालो. एका बँकेच्या रोख विभागात आयुष्याची तीस वर्षे गेली. दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या जुन्या नोटा पाहत बसायचे, असा माझा क्रम असे. आज बोलायचे आहे ते या दुसऱ्या नोटांविषयी; म्हणजे जुन्या कागदी चलनाच्या संग्रहाविषयी आणि नोटांची प्रत कशी ठरवतात याविषयी.

हा छंद श्रीमंतांचा, असा समज आहे. तो सर्वस्वी खरा नाही. बेंगळुरूच्या ब्रंटन रोडवर २०२० पासून भारतीय कागदी चलनाचे एक संग्रहालय उभे आहे. ते उभारणारे श्री. रेझवान रझाक हे मोठे बांधकाम व्यावसायिक खरे. पण त्यांच्या संग्रहाचा आरंभ ज्या नोटांपासून झाला त्यांची बँकेतील किंमत शून्य होती. आजोबांच्या तिजोरीत त्यांना काही नोटा सापडल्या. फाळणीनंतर काही काळ पाकिस्तानासाठी आपल्याच नाशिकच्या छापखान्यात नोटा छापल्या जात, आणि त्यांवर ‘पाकिस्तान सरकार’ अशी अक्षरे अधिक असत. तशा त्या नोटा होत्या. ही पाकिस्तानी नोट आहे, पैसे देता येत नाहीत, असा नकाराचा शिक्का त्यांवर मारलेला होता. बँकेने जे कागद परत केले, त्यांतून पुढे एक संग्रहालय उभे राहिले. व्यवहारातील किंमत संपली म्हणजे मोल संपले असे नव्हे, हा या छंदाचा पहिला धडा होय.

नोटांचा आपल्याकडील इतिहास थोडक्यात सांगतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगालमधील खासगी बँकांनी नोटा काढल्या; पुढे बंगाल, मुंबई आणि मद्रास या तीन इलाखा बँकांच्या नोटा आल्या. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला आणि राणी व्हिक्टोरियाच्या चित्राच्या, एकाच बाजूला छापलेल्या नोटा निघाल्या. त्या काळी मोठी रक्कम टपालाने पाठवताना लोक नोट मधोमध कापीत. आधी एक अर्धी पाठवावयाची, ती पोचल्याचे पत्र आले की दुसरी. पलीकडचा माणूस दोन्ही भाग जोडून घेई. आजही अशा जोडलेल्या नोटा संग्राहकांच्या हाती येतात. ज्याला हा इतिहास ठाऊक नाही त्याला ती फाटकी नोट वाटते. ज्याला ठाऊक आहे त्याला तिच्यात एका सावकाराची सावधगिरी दिसते.

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली. रुपयाच्या नाण्याला चांदी पुरेना, म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट आली आणि तिच्या पाठोपाठ दोन रुपये आठ आण्यांची, म्हणजे अडीच रुपयांची. १९२६ च्या आरंभी दोन्ही नोटा काढणे बंद झाले. एक रुपयाची नोट १९४० मध्ये परतली; अडीच रुपयांची मात्र पुन्हा कधीच आली नाही. या नोटेचे नाव लक्षात ठेवावे, कारण माझ्या आजच्या बोलण्याचा शेवट तिच्यापाशी होणार आहे.

१९२८ पासून नोटा नाशिकला छापल्या जाऊ लागल्या. तोवर त्या इंग्लंडहून जहाजाने येत. रिझर्व्ह बँक १९३५ मध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली नोट, पाच रुपयांची, जानेवारी १९३८ मध्ये आली. १९४३ मध्ये या बँकेच्या गव्हर्नरपदी पहिला भारतीय बसला, तो आपल्या महाडजवळच्या नाते गावचा. चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले होते आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली होती. सहाव्या जॉर्जच्या चित्राखाली देशमुखांची सही असलेली नोट हाती आली की मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला वेगळाच आनंद होतो. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४४ मध्ये, जपानी बनावट नोटांच्या भीतीने राजाचे एका बाजूने काढलेले चित्र जाऊन समोरून काढलेले आले आणि कागदात प्रथमच सुरक्षा धागा घालण्यात आला. स्वातंत्र्यानंतर हिंदी अक्षरे ठळक झाली, तेव्हा ‘दो रुपया’ म्हणावे की ‘दो रुपये’, असा व्याकरणाचा वाद उपस्थित झाला आणि १९५३ च्या सुमारास अनेकवचनाचा विजय झाला. मराठीच्या तासाला व्याकरणाचा कंटाळा करणाऱ्या मुलांनी हे ध्यानात घ्यावे. आजच्या नोटेच्या मागील भाषापट्टीत कन्नड चौथ्या ओळीत आहे आणि मराठी आठव्या. बेंगळुरूस राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसाच्या खिशात दोन्ही भाषा एकाच कागदावर नांदतात. आणि नोटा छापणाऱ्या आपल्या चार छापखान्यांपैकी एक नाशिकला आहे, तर दुसरा म्हैसूरला.

आता प्रतीकडे वळतो. एकाच वर्षाच्या, एकाच सहीच्या दोन नोटांच्या किमतीत शंभरपटीचे अंतर असू शकते. ते कशामुळे? प्रतीमुळे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बँकनोट सोसायटीने नऊ पायऱ्यांची परिभाषा रूढ केली. पहिली पायरी अनसर्क्युलेटेड, म्हणजे हाताळणीची खूणही नसलेली कोरी करकरीत नोट. चारही कोपरे टोकदार, कागदावर मूळची झळाळी. दुसरी अबाउट अनसर्क्युलेटेड. मधोमध एक हलकी घडी असेल किंवा मोजताना कोपऱ्याला पडलेला बाक असेल, परंतु दोन्ही एकत्र असता कामा नयेत. तिसरी एक्स्ट्रीमली फाइन. फार तर तीन हलक्या घड्या किंवा एक ठसठशीत घडी. पुढे व्हेरी फाइन, फाइन, व्हेरी गुड, गुड, फेअर आणि शेवटी पुअर. यातली गंमत अशी की आपल्या प्रगतिपुस्तकात ‘गुड’ शेरा आला की घरी पेढे वाटतात. नोटांच्या जगात ‘गुड’ म्हणजे मळलेली, लुळी पडलेली, टाचण्यांनी भोसकलेली आणि वारंवार चौघडी केल्याने मध्यभागी छिद्र पडलेली नोट!

अलीकडे सत्तर गुणांची पद्धतही आली आहे. अमेरिकेत २००५ पासून चालणारी एक संस्था नोट तपासते, तिला एक ते सत्तरपैकी गुण देते आणि ती कठीण पारदर्शक आवरणात बंद करून परत पाठवते. कागद मूळचा, न धुतलेला, न दाबलेला असेल तर तसा वेगळा उल्लेख करते. अशा संस्थांची गरज का पडली, हे पुढे सांगेन.

प्रत पाहण्याची रीत साधी आहे. हात धुऊन कोरडे करावेत. नोट कडेने धरावी. आधी सरळ प्रकाशात, मग तिरक्या प्रकाशात पाहावी. वरून न दिसणारी घडी तिरक्या प्रकाशात सावली टाकते. मग दिव्यासमोर धरावी, म्हणजे जलचिन्ह, पातळ झालेल्या जागा, डकवलेल्या फाटा आणि टाचणीची छिद्रे उघडी पडतात. आपल्या देशी नोटांविषयी येथे एक विवेक लागतो. बँका नोटांची बंडले तारेने टाचीत असत. रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये ती प्रथा बंद करावयास लावली. त्यामुळे त्यापूर्वीची नोट एकदाही बाजारात गेली नसली, तरी तिच्या डाव्या बाजूला छिद्रे असू शकतात. ती नोटेच्या जन्मखुणा आहेत, वापराच्या नव्हेत. परदेशी परीक्षकही आता हा भेद मानतात. ती छिद्रे मीही वर्षानुवर्षे पाडली, त्यामुळे मला ती ओळखायला शिकावे लागले नाही!

नोट जतन करावयाची तर चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, साध्या मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये. पॉलिएस्टरचे पाकीट घ्यावे आणि ऊन व ओल टाळावी. नोट धुणे, इस्त्री करणे, दाबणे तर मुळीच नको. या शेवटच्या नियमासाठी मी स्वतः किंमत मोजली आहे. आजोबांनी मला देशमुखांच्या सहीची दहा रुपयांची एक नोट दिली होती. पंचविशीत असताना मला तिच्या मळाची लाज वाटली. साबणाच्या पाण्यात ती बुडवली, वर्तमानपत्रात ठेवून तीवर इस्त्री फिरवली आणि मोठ्या अभिमानाने एका वृद्ध संग्राहकापुढे ठेवली. त्यांनी ती खिडकीशी नेली, क्षणभर पाहिली आणि विचारले, “धुतलीत का?” मी मान खाली घातली. ते म्हणाले, “मळ गेला, पण कागदाचा जीवही गेला. घड्या होत्या त्या तशाच आहेत, फक्त आता त्या खोटं बोलताहेत.” ती नोट मी अजून जपून ठेवली आहे, संग्रहात नव्हे, माझ्या टेबलाच्या काचेखाली.

त्या दिवशी मला वाटले की प्रतीचा प्रामाणिकपणा मला कळला. तो समज पुरता नव्हता.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बेंगळुरूशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. सतराव्या शतकात हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. जुन्या पेठांतून आजही मराठी बोलणारी शिंपी आणि रंगारी कुटुंबे आहेत. त्यांच्या बोलीत कानडी इतकी मिसळली आहे की पहिल्या भेटीत आपण गोंधळतो आणि दुसऱ्या भेटीत तिच्या प्रेमात पडतो. अशाच एका घरातून मला बोलावणे आले. ऐंशीच्या घरातल्या एका आजींनी पत्र्याच्या डब्यातून एक घडी केलेला कागद काढला. “भाऊ, तुम्ही बँकेतले. ही बंद पडलेली नोट. हिचं काही येईल का? नातीच्या शाळेच्या फीला तेवढीच भर.”

मी घडी उघडली. दोन रुपये आठ आणे.

इतक्या वर्षांत ही नोट मी पुस्तकातच पाहिली होती. मी ती दिव्याला धरली. मध्यभागी छिद्र, एक कोपरा उडालेला, घड्यांवर कागद विरलेला. “आजी, नोट फार वापरलेली आहे,” मी म्हणालो. “प्रत अगदी खालची, ‘गुड’पेक्षा वर जाणार नाही.” यातला शब्दन् शब्द खरा होता. मग मी पाचशे रुपये पुढे केले. त्यांनी मला चहा दिला आणि आशीर्वादही दिला.

ती नोट त्या अवस्थेतही मी दिलेल्या रकमेच्या कितीतरी पट मोलाची होती, हे मला ठाऊक होते. नोटेची प्रत मी सांगितली; नोट कोणती आहे, ते सांगितले नाही. एक बाजू छापून दुसरी कोरी ठेवावी, तसे माझे सत्य एका बाजूचे होते.

आठ महिने ती नोट माझ्याकडे राहिली. संग्राहक मित्रांना ती दाखवावी असे रोज वाटे, आणि दाखवली तर “कोठून मिळाली?” हा प्रश्न येईल म्हणून ती मी कोणालाच दाखवू शकलो नाही. जी वस्तू लपवून ठेवावी लागते तिचा संग्रह होत नाही, फक्त साठा होतो. एका रविवारी मी ती घेऊन त्या घरी गेलो आणि आजींना व त्यांच्या मुलाला सारे सांगितले. मुलगा संतापला, आणि त्याला तो हक्क होता. आजींनी ऐकून घेतले. मग त्यांनी सांगितले की त्यांचे सासरे लहान वयात शिवणकाम शिकले आणि छावणीतल्या एका गिऱ्हाइकाने पहिल्या शिलाईचे अडीच रुपये त्यांना दिले, तीच ही नोट. त्यांनी ती मोडली नाही. घडी करून खिशात, मग डब्यात, अशी ती उरली. मधले छिद्र त्या घडीचे होते.

मी म्हणालो, “हिची खरी किंमत तुम्हाला कळायला हवी होती.” आजी म्हणाल्या, “किंमत तुम्ही सांगा. विकायची का ठेवायची, ते आम्ही बघू.” त्यांनी डब्यातून पाचशे रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले. मी नको म्हणालो. “व्यवहार म्हणजे व्यवहार,” त्या म्हणाल्या. मी नोट पॉलिएस्टरच्या पाकिटात घातली आणि एका चिठ्ठीवर नाव, काळ, घड्यांची संख्या, छिद्र, उडालेला कोपरा आणि अंदाजे बाजारभाव लिहून दिला. ती नोट आज त्या घरात आहे की विकली गेली, हे मी कधी विचारले नाही. तो निर्णय त्यांचा होता, आणि मी त्यांच्याकडून नेमका तोच हिरावून घेतला होता.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो: ज्या नोटेची प्रत मी सांगतो ती मी विकत घेत नाही, आणि जी घेतो तिची प्रत दुसऱ्याकडून ठरवून घेतो. प्रत ठरवणाऱ्या त्रयस्थ संस्था का निर्माण झाल्या, याचे उत्तर येथे आहे. घेणाऱ्याच्या डोळ्याला प्रत्येक घडी खोल दिसते आणि विकणाऱ्याच्या डोळ्याला ती दिसतच नाही. भिंग दोघांकडे एकच असते. म्हणून ज्याला त्या व्यवहारातून काही मिळावयाचे नाही, अशा तिसऱ्याची नजर लागते.

आणि प्रत म्हणजे मोल नव्हे, हेही विसरू नये. १९२२ मध्ये ‘इजिप्त’ नावाचे जहाज मुंबईकडे येताना फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडाले. दहा वर्षांनी त्यातले सोने वर काढताना हैदराबाद संस्थानासाठी छापलेल्या नोटाही हाती लागल्या. ज्या संस्थानात आपला मराठवाडा होता, त्याच्या त्या नोटा. समुद्राच्या पाण्याने डागाळलेल्या त्या नोटा आज संग्राहक आवडीने शोधतात, आणि तो डाग पुसावा असे त्यांतल्या कोणालाही वाटत नाही.

तरुण मित्रांना दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. जुन्या नोटांना लाखो रुपये देतो असे सांगून आधी शुल्क मागणारे भेटतील. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे शुल्क मागितले जात असल्याचे दिसल्यावर बँकेने २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. आधी पैसे मागणाऱ्याला नोट दाखवूही नये. दुसरे, २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे आणि हजाराच्या नोटा दहापेक्षा अधिक बाळगता येत नाहीत. अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी ही मर्यादा पंचवीस आहे. छंद असला तरी कायदा आधी.

आज घरी गेल्यावर आजी-आजोबांचा डबा उघडून पाहा. एखादी जुनी नोट निघाली तर ती कितीची आहे, हे विचारण्याआधी ती का ठेवली, हे विचारा. उत्तर वहीत लिहून ठेवा. कारण नोट टिकते, पण सांगणारे माणूस टिकत नाही.

या शाळेने मला मोजायला शिकवले. आमचे गणिताचे गुरुजी ताळा जमल्याशिवाय उत्तराखाली रेघ ओढू देत नसत. बेंगळुरूतल्या त्या घराच्या उंबऱ्यावर मी दुसऱ्यांदा उभा राहिलो, तेव्हा मला त्यांची आठवण झाली होती. माझा ताळा आठ महिने उशिरा जमला, पण जमला. त्याचे श्रेय या वास्तूला आहे.